व्हॅक्यूम क्लीनरवर लावलेला कागद किरणोत्सारी कसा झाला? आणि प्युरिफायर लावूनही रेडॉनचा आकडा का हलत नाही?

शंकासुर (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, पण आकडे हाताशी आहेत म्हणून विचारायचं धाडस करतोय.

माझ्याकडे दोन यंत्रं आहेत. एक खिशात मावणारा गायगर काउंटर (किरणोत्सार टिकटिक करून मोजणारा) आणि एक डिजिटल रेडॉन मीटर (जमिनीतून घरात येणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू हवेत किती आहे ते दाखवणारा). झोपायची खोली तळमजल्यावर. रात्री दारं-खिडक्या बंद असल्या की पहाटेपर्यंत मीटर १८० बेक्वेरेल प्रति घनमीटरपर्यंत चढतो. दिवसा सगळं उघडं असताना तोच ५०-६० वर उतरतो.

परवा व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर टिश्यू पेपर ताणून रबर बँडने बसवला आणि बंद खोलीत तासभर मशीन चालू ठेवलं. कागद काढला तेव्हा त्यावर नळीच्या तोंडाएवढा करडा गोल उमटला होता. काउंटर त्यावर टेकवला, तर एरवी मिनिटाला २० टिकटिक करणारं यंत्र थेट २१० वर! ४० मिनिटांनी ११५. तीन तासांनी ३८. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, निवांत तासभर मोजून सरासरी काढली, तरी २७. मधल्या वेळात कागद ड्रॉवरमध्ये बंद होता, म्हणजे त्यावर नवीन काही बसण्याचा प्रश्न नाही.

आता गोंधळ असा. रेडॉनचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटून जायला लागणारा वेळ) ३.८ दिवस, मग कागद ४० मिनिटांत निम्म्यावर कसा आला? तो रेडॉन नसून त्याच्यापासून तयार होणारे पदार्थ असतील हे धरलं, तर मग सकाळी उरलेले ते सात टिकटिक कोणाचे? शिवाय, धूळ गाळली की किरणोत्सार गाळला जातो असं कागद सांगतोय, म्हणून हेपा फिल्टरवाला (अगदी बारीक कणही गाळणारा) एअर प्युरिफायर रात्रभर चालवून पाहिला. रेडॉन मीटर ढिम्म. १८० चे १८०. दोघांपैकी खरं कोण बोलतंय?

बिनखिडकीचा

रेडॉन हवेच्या जवळजवळ आठ पट जड आहे हो. जमिनीलगत साचून राहतो. मीटर टेबलावर ठेवला असेल तर खाली ठेवून बघा, खरा आकडा कळेल. आणि पलंग जरा उंच करा.

मापारी

बिनखिडकीचा, पलंग राहू द्या जागेवर. एका घनमीटरात १८० बेक्वेरेल म्हणजे दर सेकंदाला १८० अणू फुटतायत. अर्धायुष्यावरून हिशेब केला तर तिथे रेडॉनचे एकूण अणू साडेआठ कोटींच्या आसपास निघतात. ऐकायला खूप वाटतात, पण हवेच्या सुमारे तीन हजार कोटी कोटी रेणूंमागे हा एक. इतका विरळ वायू स्वतःच्या वजनाने खाली बसत नाही; खोलीतली हवा जिकडे जाईल तिकडे तोही जातो. वजनाची गोष्ट शुद्ध रेडॉन बाटलीत भरला तर खरी, आणि तसा तो कोणाच्याही घरात नसतो.

आता शंकासुर, तुमच्याकडे. फिल्टर पेपर मोजणं हेच माझं काम होतं, त्यामुळे तुमचे आकडे वाचून बरं वाटलं. दोन्ही यंत्रं खरं बोलतायत. फक्त ती एकच गोष्ट मोजत नाहीयेत, इतकंच.

रेडॉन-२२२ निष्क्रिय वायू आहे. कागदातून, हेपातून, कापडातून आरपार जातो. पण तो फुटला की वायू संपला आणि धातूंची रांग सुरू झाली. आधी पोलोनियम-२१८, अर्धायुष्य जेमतेम ३ मिनिटं. त्यातून शिसं-२१४, जवळपास २७ मिनिटं. त्यातून बिस्मथ-२१४, २० मिनिटं. मग पोलोनियम-२१४, जे सेकंदाच्या सहा हजाराव्या भागात उडतं, आणि मागे राहतं शिसं-२१०, ज्याचं अर्धायुष्य २२ वर्षं. तुमच्या कागदावर बसली ती ही पिलावळ, बाप केव्हाच नळीतून निघून गेला.

अणू फुटताना अल्फा (जड, पण लगेच अडणारे कण) निघतात किंवा बीटा-गॅमा (जास्त आरपार जाणारे). खिशातल्या काउंटरच्या जाड नळीतून अल्फा कण आत शिरत नाहीत. तुम्ही ऐकलीत ती टिकटिक शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांच्या बीटा-गॅमाची. दोघं एकामागोमाग असल्यामुळे सुरुवातीला आकडा रेंगाळतो, पहिल्या तासात अर्धायुष्य पस्तीस-चाळीस मिनिटांचं भासतं, आणि पुढे ते २७ मिनिटांकडे सरकतं. तुमचे २० वजा करून १९० वरून ९५ झाले, तेही ४० मिनिटांत. अगदी शिस्तीतला कागद आहे तुमचा. एक पडताळणी सांगतो: मशीन तासाऐवजी तीन तास चालवा, आकडा वाढेल. सहा तास चालवा, तीन तासांपेक्षा फारसा वाढणार नाही. जितके अणू नव्याने बसतात तितकेच तोवर फुटत असतात.

आणि त्या करड्या गोलाला फार मान देऊ नका. करडेपणा येतो जाड धुळीने, तंतूंनी. किरणोत्सार बहुतेक बसलेला असतो डोळ्यांना न दिसणाऱ्या, १०० ते ४०० नॅनोमीटरच्या कणांवर. झाडून-पुसून लख्ख केलेल्या खोलीतला जवळजवळ पांढरा कागदसुद्धा काउंटर नाचवू शकतो.

हे अणू कणांवर बसतात कसे, ते बघण्यासारखं आहे. रेडॉन फुटतो तेव्हा नवं पोलोनियम धक्क्याने फेकलं जातं आणि बहुतेक वेळा, म्हणजे दहातल्या जवळजवळ नऊ वेळा, धन प्रभार घेऊनच जन्मतं. लगेच पाण्याचे वगैरे काही रेणू त्याच्याभोवती गोळा होतात आणि एक नॅनोमीटरभर आकाराचं गाठोडं तयार होतं. हे गाठोडं भयंकर चपळ. साधारण घरात घनसेंटिमीटरला दहा हजार सूक्ष्मकण असतात असं धरलं, तर मिनिटभरात ते कुठल्या तरी कणाला चिकटतं. त्याआधी भिंत, पडदा, तुमचा शर्ट आडवा आला तर तिथे चिकटतं. मोकळी गाठोडी भिंतींवर बसण्याचा वेग कणांवर बसलेल्यांच्या साधारण शंभरपट असतो. एकदा कणावर स्वार झालं की मग ते तासन् तास हवेत तरंगू शकतं.

आणि त्यात एक गंमत. कणावर बसलेलं पोलोनियम-२१८ अल्फा सोडून फुटतं तेव्हा बंदुकीसारखा उलटा दणका बसतो. त्या दणक्याने नवं शिसं-२१४ बहुतांश वेळा कणावरून उडून पुन्हा मोकळं होतं आणि त्याची भटकंती नव्याने सुरू होते. शिशाचा बिस्मथ होताना मात्र बीटा निघतो, त्याचा धक्का किरकोळ, त्यामुळे बिस्मथ जागचं हलत नाही.

मग तुमचा रेडॉन मीटर काय करतो? त्याच्या आतल्या कोठडीच्या तोंडाशी एक पडदा असतो. वायू आत झिरपतो, पिलावळ बाहेर अडते. आत आलेला रेडॉन फुटतो, आतल्या आत जी पिलं जन्मतात त्यांच्यासकट मोजला जातो. म्हणजे खोलीतल्या हवेत पिलावळ किती तरंगतेय याची मीटरला गंधवार्ताही नसते, आणि नसावी अशीच त्याची रचना आहे. प्युरिफायर वायूला हात लावत नाही, म्हणून १८० चे १८०.

सकाळचे सात राहिले. ते थोरॉनचे असणार. रेडॉन-२२०, थोरियमच्या साखळीतला भाऊबंद. स्वतः ५६ सेकंदांत निम्मा होतो, त्यामुळे भिंतीतून किंवा फरशीतून बाहेर पडला की फार लांब जायच्या आधीच संपतो. पण त्याच्या पोटी येतं शिसं-२१२, अर्धायुष्य साडेदहा तासांहून थोडं जास्त. तेवढ्या वेळात ते सगळ्या खोलीत मिसळतं. पुन्हा प्रयोग केलात तर सकाळी मोजा आणि साडेदहा तासांनी परत मोजा. सातचे साडेतीन झाले तर चोर सापडला. एवढ्या छोट्या फरकासाठी दोन्ही वेळा निदान तासभर मोजावं लागेल, नाहीतर सांख्यिकी चढउतारातच सगळं बुडून जाईल.

पाल चुकचुकली

मापारींच्या उत्तरात भर. शर्टाचा उल्लेख आला म्हणून आठवलं. डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचा अभियंता दारातल्या तपासणी यंत्रातून गेला की भोंगा वाजायचा. केंद्रातून वीजनिर्मिती अजून सुरूही झाली नव्हती. शेवटी उलगडा झाला की हा किरणोत्सार तो घरून घेऊन येत होता! घराची तपासणी झाली तेव्हा रेडॉन सापडला घनमीटरला सुमारे १ लाख बेक्वेरेल. घरांमधल्या रेडॉनकडे तिथे सगळ्यांचं लक्ष गेलं ते या प्रकरणामुळे.

अंगावरचे कपडे कृत्रिम धाग्याचे असले आणि हवा कोरडी असली की स्थिर विजेमुळे ही पिलावळ जास्तच ओढली जाते. व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर फुगा फुगवून लोकरीवर घासा, बंद खोलीत अर्धा-पाऊण तास टांगा, मग हवा काढून काउंटरखाली धरा. एल्स्टर आणि गायटेल या जर्मन शास्त्रज्ञांच्या जोडगोळीने १९०१ मध्ये हेच केलं होतं, फक्त फुग्याऐवजी उघड्या हवेत ताणलेली ऋण प्रभाराची तार. साध्या हवेत किरणोत्सार असतो हे तिथून कळलं.

शंकासुर

मापारी, साष्टांग दंडवत! तुम्ही म्हणालात तसा प्रयोग पुन्हा केला, पण या वेळी आधी प्युरिफायर दोनेक तास चालू ठेवला, मग तोही चालू आणि व्हॅक्यूम क्लीनरही चालू. रेडॉन मीटर तिथेच, पण कागद २१० ऐवजी ७५! म्हणजे पिलावळ तिप्पटीहून जास्त घटली.

मग माझा सरळ हिशेब: वायू श्वासाबरोबर आत जातो तसा बाहेर येतो. फुप्फुसात बसते ती पिलावळ. ती जर प्युरिफायरने गाळली जात असेल तर १८० चा आकडा विसरून शांत झोपायला हरकत काय?

बिनखिडकीचा

माझ्या वजनाच्या मुद्द्यावर अजून समाधान नाही. मग तळघरात आणि खाणीत रेडॉन जास्त का असतो?

मापारी

बिनखिडकीचा, कारण तो तिथूनच येतो. जमिनीत युरेनियम, त्यातून रेडियम, त्यातून हा. नळ फुटला की नळाजवळ पाणी जास्त असतं, पाणी जड म्हणून नव्हे. वरच्या मजल्यावर रेडॉन कमी मिळतो कारण तिथवर जाईतो तो इतर हवेत मिसळून पातळ होतो.

शंकासुर, तुमच्या हिशेबातली पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत. धोका वायूचा कमी आणि पिलावळीचा जास्त, हे १९५१ मध्ये विल्यम बेल यांनी दाखवून दिलं, त्याआधी सगळे वायूवरच डोस काढत बसले होते. पण शेवटच्या वाक्यात तुम्ही फसताय. कागदावर जे आलं नाही त्यातलं किती हवेत कोणत्या रूपात शिल्लक आहे, ते कागद सांगत नाही.

या धंद्यात दोन संख्या सतत लागतात. एक समतोल गुणांक, म्हणजे वायूच्या मानाने हवेत पिलावळ किती. सगळी पिलावळ हवेतच राहिली असती, ना भिंतीवर बसली असती ना खिडकीतून गेली असती, तर तो १ झाला असता. प्रत्यक्षात घरांमध्ये सरासरी ०.४ धरतात. म्हणजे तुमच्या १८० बेक्वेरेल रेडॉनबरोबर पिलावळ साधारण ७० बेक्वेरेलच्या तोडीची. तुमचा कागद ढोबळमानाने हाच गुणांक मोजतोय, आणि प्युरिफायरने तो ०.४ वरून ०.१ च्या घरात आणला असेल, हे मला पटतं.

दुसरी संख्या म्हणजे मोकळा अंश, कणांवर न बसलेल्या गाठोड्यांचा वाटा. त्याचा एक सोपा अंदाज आहे: ४१४ भागिले घनसेंटिमीटरमधले कण. दहा हजार कण असतील तर ४ टक्के. प्युरिफायरने कण दीड हजारांवर आणले तर २८ टक्के! पोलोनियमला बसायला घोडाच उरला नाही, मग ते मोकळंच फिरणार. भिंतीवर बसणार ते चांगलंच, पण जे नाकातोंडात जाईल तेही मोकळं.

आणि फुप्फुसाच्या दृष्टीने या दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोनशे नॅनोमीटरचा कण इतका मोठा नाही की वळणावर आदळेल आणि इतका छोटाही नाही की थरथरत भिंतीला लागेल. बहुतेक कण आत जातात आणि जसेच्या तसे बाहेर येतात. एक नॅनोमीटरचं गाठोडं मात्र जाईल तिथे चिकटतं. बरंचसं नाकातच अडतं (तोंडाने श्वास घेणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत), पण जे पुढे जातं ते श्वासनलिकांच्या वरच्या फांद्यांमध्ये बसतं, नेमकं जिथे बसू नये तिथे. तिथला चिकट स्राव त्याला घशाकडे ढकलत असतो, पण अर्ध्या तासाच्या अर्धायुष्यापुढे ती गती कमी पडते. अल्फा कणाची ऊतकातली धाव असते ५० ते ७० मायक्रोमीटर. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या ज्या पेशी विभाजित होत असतात, त्या या टप्प्यात येतात.

थोडक्यात, प्युरिफायरने पिलावळीचं एकूण ओझं बरंच घटलं, पण उरलेल्या प्रत्येक एककाचा डोस वाढला. एकातून दुसरं वजा केलं की हाती लागणारा फायदा कागदावर दिसतो त्याच्यापेक्षा बराच कमी. डोस जवळजवळ साडेतीन पटींनी घटला असं समजून झोपू नका. उलट टोकही बघा: खोलीत मेणबत्ती पेटवली, कोणी सिगारेट ओढली, तर कण लाखांवर जातात, मोकळा अंश जवळजवळ शून्य होतो, पण आता पिलावळ भिंतींवर बसायचं सोडून कणांवर स्वार होऊन हवेतच राहते आणि समतोल गुणांक चढतो. एक चढला की दुसरा उतरतो. (सिगारेटचा धूर स्वतः काय करतो तो हिशेब वेगळा, आणि रेडॉनबरोबर तो फार वाईट जमतो.)

हे दोन परस्परांना इतके सांभाळून घेतात की हवेत धूळ असो वा नसो, वायूच्या दर बेक्वेरेलमागे पडणारा डोस फार हलत नाही. म्हणूनच नियमांत, मोजमापात सगळीकडे वायूचा आकडा वापरतात. सोयीस्कर म्हणून तर आहेच, पण तो खरोखर चांगला निदर्शक आहे. घरांमधल्या रेडॉनवरचे १३ युरोपीय अभ्यास एकत्र करून २००५ मध्ये जो निष्कर्ष आला, दर १०० बेक्वेरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, तोही वायूच्याच मोजमापावर. तेव्हा १८० विसरू नका. जागतिक आरोग्य संघटना १०० बेक्वेरेल ही संदर्भ पातळी सुचवते, आणि तेवढं शक्य नसेल तर काहीही झालं तरी ३०० च्या वर नको म्हणते. तुम्ही मधोमध आहात. घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

प्युरिफायर इतर धुळीसाठी जरूर वापरा. रेडॉनसाठी तो म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पाल चुकचुकली

मग खिडकी उघडली की नक्की काय होतं? वायू जातो की पिलावळ?

मापारी

दोन्ही, आणि म्हणूनच मला खिडकी प्युरिफायरपेक्षा जास्त आवडते. बघा, बंद खोलीतसुद्धा फटींमधून दोनेक तासांत एकदा हवा बदलते असं धरू. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे तो खोलीत फुटण्याआधी बहुतेक वेळा फटीतून निघूनच जातो. खोलीतला आकडा ठरतो तो आत किती येतोय आणि हवा किती वेळात बदलतेय यावर; किरणोत्सारी ऱ्हासाचा त्यात जवळपास काही वाटा नाही. पिलावळीला मात्र तयार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. हवा तासाला दोनदा बदलली तर वायू कमी होतोच, शिवाय जो आहे तो ताजा असतो, त्याच्याभोवती पिलं पुरती जमायच्या आत तो बाहेर. पिलावळ वायूपेक्षाही जास्त घटते.

पंख्याबद्दल कोणी विचारायच्या आत सांगतो: छताचा पंखा वायू कमी करत नाही, पण मोकळी गाठोडी भिंतींवर आणि पात्यांवर जास्त आपटवतो. मोकळी असतात ती जास्त त्रासदायक, ती आधी जातात, म्हणून पंख्याचा फायदा किरकोळ असला तरी योग्य बाजूचा.

गवंडीकाम

मी या किरणांतला नाही, इमारतींतला आहे. शंकासुर, रात्रीचा आकडा वाढण्यात फक्त बंद खिडक्यांचा दोष नाही. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असली की ती वर चढून वरच्या फटींतून निघते आणि खालच्या बाजूला दाब बाहेरपेक्षा थोडा कमी होतो. दोन-चार पास्कलच, पण घर जमिनीतली हवा ओढून घ्यायला तेवढे पुरतात. एग्झॉस्ट फॅन चालू आणि सगळ्या खिडक्या बंद असतील तर ही ओढ आणखी वाढते. त्यामुळे एग्झॉस्ट लावायचाच तर कुठलीतरी खिडकी उघडी हवी, नाहीतर तुम्ही फरशीखालची हवा आत खेचताय.

आधी फरशी आणि भिंतीच्या सांध्यातली भेग, पाइप जमिनीतून वर येतात तिथली भोकं, वायरिंगचे मार्ग बघा. उदबत्ती-मेणबत्तीचा धूर कुठे हलतो ते पाहिलं की गळती कळते. हे बुजवल्याने थोडा फरक पडतो, पण एकट्या बुजवण्यावर विसंबू नका. एक भेग बंद केली की हवा दुसरी शोधते. आकडा फार मोठा असेल तर खात्रीचा उपाय म्हणजे फरशीखालीच पाइप घालून, वर छतापलीकडे नेऊन, त्यावर सतत चालणारा छोटा पंखा बसवणं. मग फरशीखालचा दाब घरापेक्षा कमी होतो आणि ओढ उलटी फिरते. १८० साठी मी आधी हवा खेळती ठेवून बघेन.

शंकासुर

काल रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या. पहाटेचा आकडा ९०. एका रात्रीवरून काही म्हणत नाही, चालू ठेवतो.

थोरॉनचाही निकाल लागला. नवा कागद, सकाळी नेहमीचे २० वजा जाता ८, साडेदहा तासांनी ४ च्या किंचित वर. मापारी, चोर तोच. शेवटचं एक सांगा, मीटर नक्की कुठे ठेवू? आणि काचेत जुना रेडॉन साठून राहतो असं वाचलं, ते खरं की थाप?

मापारी

काचेचं खरं आहे, फक्त साठतो तो रेडॉन नव्हे, त्याच्यापासून झालेलं शिसं. भिंतीवर, आरशावर, तसबिरीच्या काचेवर बसलेली पिलं फुटतात तेव्हा त्या उलट्या दणक्याने शिसं-२१० काचेच्या पृष्ठभागात मिलिमीटरच्या काही लाखांश भागाइतकं रुततं. पुसून जात नाही. त्याचं अर्धायुष्य २२ वर्षं, त्यामुळे त्यातून पुढे तयार होणाऱ्या पोलोनियम-२१० चे जुन्या काचेतून निघणारे अल्फा मोजून त्या खोलीत गेल्या काही दशकांत रेडॉन साधारण किती होता याचा अंदाज बांधतात. अट एवढीच की काच तेव्हापासून त्याच घरात असायला हवी. खिशातल्या काउंटरने हे जमणार नाही.

मीटर झोपताना नाक असतं त्या उंचीच्या आसपास ठेवा. खिडकीच्या झोतात नको, पंख्याखाली नको, उन्हात नको. आणि भिंतीला टेकवून तर अजिबात नको, निदान हात-दीड हात लांब. रेडॉन खोलीभर सारखा असतो, पण थोरॉन भिंतीपासून वीतभर अंतरात सगळ्यात दाट आणि पुढे झपाट्याने विरळ होतो. काही मीटर-यंत्रांत तोही शिरतो आणि रेडॉन म्हणून मोजला जातो. तुमच्या घरात थोरॉन आहे हे तुम्हीच सिद्ध केलंय, तेव्हा भिंतीलगत आलेला आकडा मी मानणार नाही. आणि आता रोजच्या तासागणिक चढउताराकडे बघणं सोडा. तीन महिने खिडक्या त्याच पद्धतीने ठेवा आणि त्यांची सरासरी इथे टाका.